‘लायब्ररियन कुठे आहेत?’ असं मलाच विचारतात!

पत्र:

ताई, नमस्कार. मी २४ वर्षांची आहे. लायब्ररी सायन्स करून सव्वा वर्षापूर्वी एका सार्वजनिक लायब्ररीत लागले, आधीचे ग्रंथपाल रिटायर झाले आणि डायरेक्ट माझ्याकडेच चार्ज आला. लोक काउंटरवर येतात आणि माझ्याकडे बघून ‘लायब्ररियन कुठे आहेत?’ असं मलाच विचारतात. हाताखाली जे काका आहेत ते तीस वर्षं तिथे आहेत, मी काही बदलायला गेले की ‘इथे असं करत नाहीत’ एवढंच म्हणतात. प्रिंटर अडला, कुणाचा पासवर्ड विसरला की सगळे माझ्याकडे, कारण मी तरुण. एक गृहस्थ रोज काउंटरला टेकून तासतासभर गप्पा मारतात, कधी सुटतेस, कुठे राहतेस विचारतात. मैत्रिणी म्हणतात तुझी मज्जा आहे, दिवसभर वाचत बसायचं, आणि मी वर्षभरात धड चार पुस्तकं वाचलेली नाहीत. एका मैत्रिणीच्या ऑफिसात डेटाचं काम आहे, पगार बराच जास्त. जाऊ की थांबू? मला पुस्तकं आवडतात म्हणून मी ह्यात आले होते.
– मीच ती लायब्ररियन

ता.क. चष्मा लावून, केस बांधून थोडी मोठी दिसायचा प्रयत्न करू का?

उत्तर:

अगं मीच ती, तुझं पत्र वाचून आधी खूप हसले आणि मग जरा गप्पच झाले. पहिल्या नोकरीत मी २६ची होते आणि एका आजोबांनी मला ‘बाळ, बाबा जेवायला गेलेत का?’ असं विचारलं होतं, त्यांना वाटलं ग्रंथपालांची मुलगी खुर्चीत बसून खेळतेय. मला इतका राग आला की मी त्यांना माझं अख्खं शिक्षण ऐकवलं, डिग्री, मार्क, कितवी आले ते सुद्धा. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं बरं, मग ते आले की येतो.

तेव्हापासून माझं ठरलंय, ह्या प्रश्नाला उत्तर ‘मीच, बोला’ एवढंच द्यायचं. खुलासा नको, कसनुसं हसणं नको. समोरचा एक सेकंद अडखळतो, मग त्याला काय हवंय ते सांगतो आणि तुला ते पटकन सापडलं की वयाचा विषय तिथेच संपतो. नाही सापडलं तर ‘आत्ता माहीत नाही, शोधून उद्या सांगते’ म्हणायचं आणि उद्या खरंच सांगायचं, त्यासाठी काउंटरवर एक छोटी वही ठेव. मला तर वाटतं लगेच सापडण्यापेक्षा ह्या उद्या सांगण्यानेच लोकांना आपला जास्त भरवसा वाटतो, कारण त्यांनी गृहीतच धरलेलं असतं की ही विसरणार.

आणि वयाचंच म्हणशील तर आपण रोज ज्याचे आकडे पुस्तकांच्या पाठीवर चिकटवतो तो मेल्विल ड्युई, त्याला ही दशांश वर्गीकरणाची, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकांना नंबर द्यायची, कल्पना सुचली १८७३ मध्ये, कॉलेजात शिकता शिकता तिथल्याच लायब्ररीत काम करत होता, वय २१. १८७६ ला ते छापून आलं तेव्हा २४, बरोब्बर तुझ्याएवढा, आणि ती पुस्तिका होती फक्त ४४ पानांची. (फोटो मात्र भिंतीवर लावू नकोस हं. बायकांशी गैरवर्तन, वरून वंशद्वेष, ह्यासाठी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ मध्ये आपल्या पदकावरून त्याचं नावच काढून टाकलं.)

आता मैत्रिणींचं. ‘दिवसभर वाचत बसायचं’ हे तुला रिटायर होईपर्यंत ऐकावं लागणार आहे, त्यावर चिडण्यात शक्ती घालवू नकोस. पहिल्या दोन वर्षांत माझंही वाचन जवळजवळ बंद पडलं होतं. पण एक वेगळंच वाचन सुरू झालं, मलपृष्ठं, अनुक्रमणिका, मागची सूची, प्रस्तावनेची पहिली दोन पानं, कुठली आवृत्ती, कधीची. पुस्तक न वाचता ते कोणाच्या कामाचं आहे हे कळायला लागलं. सुरुवातीला मला ही फसवणूक वाटायची, आता वाटतं हेच आपलं कौशल्य आहे, दुकानदार काय प्रत्येक कापड शिवून बघतो का. मनासारखं वाचायचं असेल तर ते घरी, स्वतःच्या वेळात, बाकी सगळे वाचतात तसं. काउंटरवर पुस्तक उघडून बसलीस की माणसं प्रश्न न विचारता परत जातात, त्यांना वाटतं आपण डिस्टर्ब करतोय, हे मी बघितलंय.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य आहे ना, पुस्तकं आवडतात म्हणून आले, तिथेच मला जरा अडायला झालं. एक प्रसंग सांगते.

साधारण साठीचे एक गृहस्थ आले, विचारलं ‘डॉक्टरी डिक्शनरी आहे का?’ मी मान वर न करता सांगितलं, उजवीकडे, दुसरं कपाट, वरून तिसरा खण. झालं माझं काम, असं मला वाटलं. वीसेक मिनिटांनी बघते तर ते अजून उभेच. पुस्तक उघडं, बोट एका पानावरून दुसऱ्या पानावर, परत मागे. चष्मा कपाळावर, मग डोळ्यांवर, मग परत कपाळावर. मी उठून गेले आणि विचारलं, कुठल्या शब्दापाशी अडलंय? ते काही बोलले नाहीत, शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला, घड्यांवर कागद मऊ पडून फाटायला आला होता इतक्या वेळा उघडलेला. कुणाचा तरी तपासणीचा रिपोर्ट, त्यात एका शब्दाखाली पेनाने रेघ, ‘बिनाइन’. ते हा शब्द ‘बी आय’ मध्ये शोधत होते, स्पेलिंग कानाने ऐकलेलं. मी मागे जाऊन ‘बी ई’ ची पानं काढून दिली, त्यांनी स्वतःच वाचलं, कॅन्सर नसलेली गाठ, आणि शेजारच्या स्टुलावर बसले. बराच वेळ बसले. मग म्हणाले, डॉक्टर घाईत होते हो, विचारायचं राहिलं.

आता ह्यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही तुझ्या कामाच्या आहेत. एक म्हणजे मी आधी चुकले, रस्ता दाखवून मोकळी झाले. दुसरं, लोक जे विचारतात ते त्यांना हवं असतंच असं नाही, ते जरा लांबून, मोठ्या विषयाचं नाव घेऊन विचारतात, कायद्याची पुस्तकं कुठेत म्हणजे घरमालकाची नोटीस आलीय, मुलांच्या संगोपनावर काय आहे म्हणजे मुलगा चार दिवस बोलत नाहीये. आपल्या शिक्षणात ह्याला रेफरन्स इंटरव्ह्यू म्हणतात, पेपरात पाच मार्काला येतो आणि आपण पाठ करून लिहितो. प्रत्यक्षात तो म्हणजे फक्त दुसरा प्रश्न. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी एक दुसरा, हळू आवाजात, कशासाठी हवंय असा चौकशीचा नाही, तर नेमकं काय शोधताय असा. आणि तिसरं, मी त्यांना शब्दाचा अर्थ काढून दिला पण ‘मग काही काळजी नाही’ असं म्हटलं नाही. जिभेवर आलं होतं, पण रिपोर्ट वाचणं हे माझं काम नाही, त्यात आणखी काय काय लिहिलं होतं मला काय कळतंय. एका चिठ्ठीवर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांनाच लिहायला लावले आणि पाठवलं. तरुण असताना हे फार अवघड जातं, समोरचा इतक्या आशेने बघत असतो की वाटतं सांगून टाकावं. नाही सांगायचं. कायद्याचं, औषधाचं, पैशाचं, पुस्तक काढून द्यायचं, पान काढून द्यायचं, सल्ला नाही.

आणि एक मजा सांगू, असे प्रश्न तरुण माणसाला जास्त विचारले जातात. आमचे मोठे ग्रंथपाल, अतिशय विद्वान, लोक त्यांना घाबरायचे. त्यांच्यासमोर आपलं अज्ञान उघडं पडेल असं वाटायचं. माझ्यासमोर काय पडायचंय, मीच त्यांना लहान वाटायचे. शाळकरी पोरी तर मला एकटी गाठूनच विचारायच्या, त्यांना शरीराबद्दल काहीतरी वाचायचं असायचं आणि आईच्या वयाच्या बाईला विचारायची सोय नव्हती. म्हणजे तू जे लपवायला बघतेयस, मोठं दिसायला बघतेयस, त्याच गोष्टीमुळे ह्या वर्षांत लोक तुझ्याकडे येणार आहेत.

काकांचा विषय. तू लिहिलंयस ‘मी काही बदलायला गेले की’. काय बदलायला गेलीस ते लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे, कारण मी पण गेले होते. नवीन जागी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी सगळी रचना बदलली, नंबराप्रमाणे काटेकोर, तीन दिवस धूळ खात एकटीने, आणि फार अभिमानाने बसले. चौथ्या दिवशी एक वयस्क वाचक आले, त्यांना खूप कमी दिसायचं, भिंग घेऊन यायचे, ते नेहमीसारखे दारातून सरळ गेले, कपाटं हाताने मोजत तिसऱ्यापाशी थांबले, डावीकडून हात फिरवला आणि तिथे त्यांची प्रवासवर्णनं नव्हती. त्यांनी परत मोजलं. मग परत दारापर्यंत येऊन पहिल्यापासून मोजलं. आमच्या तिथल्या जुन्या मदतनीस काकांनी मला काही म्हटलं नाही, नुसतं जाऊन त्यांचा हात धरून नवीन जागेवर नेलं. ती प्रवासवर्णनं ‘चुकीच्या’ जागी का होती हे काकांना माहीत होतं, मला विचारायचं सुचलं नव्हतं.

म्हणून तुझ्या काकांना ‘हे असं का?’ हे खरंच विचार, वैतागून नाही, कुतूहलाने, आणि उत्तर लिहून घे. दहातल्या पाच गोष्टींना काही कारण नसेल, कुणीतरी कधीतरी तसं केलं म्हणून चालू असेल, त्या बदल, बिनधास्त बदल. तीनेक गोष्टींना असं कारण निघेल की तू गप्प बसशील. उरलेल्या दोनवर भांडण होईल, ते होऊ दे, तिथे चार्ज तुझ्याकडे आहे आणि सही तुझी आहे. पण भांडण त्यांच्या एकट्यासमोर, वाचकांसमोर कधीच नाही. आणि बदल करायचा तर एका वेळी एकच कपाट, त्यावर मोठ्या अक्षरात पाटी, आणि महिनाभर वाट बघायची.

त्यांना शिकवायचंच असेल तर एक गोष्ट शिकव, पाटी-पेन्सिल घेतल्यासारखी, दशांश चिन्हानंतरचा क्रम. ५१३.१२ आधी की ५१३.२ आधी? दहा जणांना विचार, निम्मे म्हणतील .२ आधी कारण दोन लहान, बारा मोठे. उलट आहे, .१२ आधी येतं. ५१३ म्हणजे अंकगणित, त्याच्याच कपाटात अंकगणित चुकतं. वाचायला क्षुल्लक वाटतं पण चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हे हरवलेलंच पुस्तक असतं, कॉम्प्युटर दाखवतो ‘उपलब्ध’, वाचक तीनदा जाऊन रिकाम्या हाताने येतो आणि वाटतं ही मुलगी खोटं बोलते. रोज उघडायच्या आधी अर्धा तास एकच कपाट घेऊन नुसते नंबर वाचत जायचे, बोट लावून. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण मला ह्या अर्ध्या तासाने जितकी लायब्ररी पाठ झाली तितकी कॅटलॉगने कधी झाली नाही, आणि लायब्ररी पाठ असलेल्या माणसाला कुणी वय विचारत नाही.

जुनी पुस्तकं बाद करण्याच्या कामाला पहिल्या वर्षी एकटीने हात घालू नकोस. जुनं औषधांचं, जुन्या कायद्याचं, जुन्या कॉम्प्युटरचं पुस्तक कपाटात राहणं धोक्याचं असतं, कुणीतरी त्यावर विश्वास ठेवतं, ते काढायलाच हवं. पण मागच्या दाराशी पुस्तकांचा ढीग दिसला की लोकांच्या डोक्यात एकच येतं, नवीन पोरगी आली आणि पुस्तकं फेकायला लागली. यादी कर, प्रत्येकासमोर कारण लिही, वरिष्ठांची सही घे आणि मगच ढीग लाव.

प्रिंटर आणि पासवर्डबद्दल. हे आता आपलंच काम आहे, त्यातून सुटका नाही आणि खरं सांगायचं तर असू पण नये, ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही तो फॉर्म भरायला दुसरं कुठे जाणार. पण त्याला वेळ ठरवून दे, रोज अमुक ते अमुक, बोर्ड लाव, नाहीतर दिवस तिथेच जातो आणि काउंटर ओस. आणि एक नियम डोळे मिटून पाळ, कुणाचाही पासवर्ड किंवा ओटीपी तू टाइप करायचा नाही, कितीही म्हातारं माणूस असो, कितीही गयावया करो. कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवायचा, तू नुसतं बोट दाखवायचं. वेळ दुप्पट लागतो. उद्या त्यांच्या खात्यातून काही गेलं तर पहिलं नाव तुझं येईल म्हणून आणि दुसरं म्हणजे चौथ्यांदा ते स्वतः करतात म्हणून. तुमच्याकडे अजून सगळं रजिस्टरवरच असेल तर कोहा नावाचं लायब्ररीच्या कामाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, २००० सालच्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या एका छोट्या लायब्ररीत चालू झालं कारण त्यांची जुनी सिस्टीम वायटूकेला, म्हणजे २००० सालच्या तारखांना, टिकणार नव्हती. ते शिकून घे, मग पुढे कुठेही गेलीस तरी उपयोगी पडेल. पण सॉफ्टवेअर आलं म्हणून दाखल नोंदवही, आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतो ती, बंद करू नकोस.

आता ते गृहस्थ. हे मी मुद्दाम मध्ये टाकलं नाही, वेगळं लिहितेय, कारण बाकी सगळं शिकायचं आहे आणि हे सहन करायचं नाहीये. लायब्ररीत कुणालाही यायचा हक्क आहे, पण तू कुठे राहतेस हे कळायचा हक्क कुणालाच नाही. नम्रपणे सेवा देणं हा तुझ्या नोकरीचा भाग आहे, गप्पा ऐकत उभं राहणं नाही. ‘तुम्हाला कुठलं पुस्तक हवंय?’ एवढंच विचार, प्रत्येक वेळी, त्याच स्वरात, आणि उत्तर नसेल तर ‘मला काम आहे’ म्हणून ट्रॉली घेऊन आत जा. हसू नकोस, आपल्याला सवय असते अवघडलं की हसायची. तारीख, वेळ, काय म्हणाले हे लिहून ठेव आणि वरच्यांना तोंडी नाही, लेखी कळव, एक प्रत तुझ्याकडे. कुलूप लावताना एकटी असू नकोस. आणि हे काकांना सांग. माझ्या बाबतीत, वर्षभर ज्यांच्याशी माझं पटलं नव्हतं त्याच काकांनी दुसऱ्या दिवसापासून स्वतःची खुर्ची काउंटरच्या शेजारी आणून ठेवली आणि काही न बोलता पेपर वाचत बसायला लागले. तो माणूस आठवड्यात यायचा बंद झाला.

ह्याला लागूनच एक. तरुण दिसतेस म्हणून लोक तुझ्याकडून माहिती काढायला बघतील, आमची मुलगी काय वाचायला नेते, शेजारचे ते काय नेतात. सांगायचं नाही, वडील असले तरी, तुझ्या वरिष्ठांचे मित्र असले तरी. हे काही आताचं प्रायव्हसीचं फॅड नाही, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या आचारसंहितेतही वाचकाची खाजगी माहिती गुप्त ठेवणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. मला एकदा एका वडिलांनी फार जोरात विचारलं होतं, अख्खी लायब्ररी बघत होती, माझे पाय लटपटत होते, मी एवढंच म्हटलं, तुम्ही काय नेता ते पण मी कुणाला सांगत नाही. ते एकदम थांबले. काय नेत होते ते मला माहीत होतं ना.

बरं, एवढं सगळं वाचून तुला वाटेल मग ह्यात चांगलं आहे तरी काय. मला सगळ्यात काय आवडायचं सांगू, सकाळची परत आलेली पुस्तकं. ती जागेवर लावायला घेण्याआधी नुसती बघायची. एका आठवड्यात झोपेवरची तीन पुस्तकं एकाच वेळी परत आली, तीन वेगळ्या माणसांची, म्हणजे काहीतरी चाललंय लोकांचं. परीक्षेनंतर एकदम रहस्यकथा. एक बाई वर्षभर फक्त बागकामाची न्यायच्या, मग एकदम काहीच नाही, मग कविता. आणि आतमध्ये राहिलेल्या गोष्टी, तिकिटं, यादीचे कागद, हेअरपिन, एकदा एक पूर्ण लिहिलेलं पण न पाठवलेलं राजीनाम्याचं पत्र. (ते मी पाकिटात घालून, न वाचल्याचं दाखवून परत दिलं. त्यांनी नोकरी सोडली की नाही माहीत नाही, पुस्तक मात्र तेच परत नेलं.) आणि कुणीतरी प्रेमाने सेलोटेप लावून ‘दुरुस्त’ केलेली पानं, त्यांना काय बोलणार, टेप पिवळी पडून पानाचं वाटोळं करते हे त्यांना कुठे माहीत. पाटी लाव, फाटलं तर तसंच आणा, आम्ही करतो.

हे जे बघायला मिळतं ते पगारात कुठे धरत नाहीत. आणि पगाराचं मी गोड बोलणार नाही, कमी आहे, बऱ्याच ठिकाणी लाजिरवाणा कमी आहे आणि ‘सेवा’ म्हणून तो कमीच ठेवायची सगळ्यांना सवय लागलीय. पैशासाठी गेलीस तर पुस्तकांचा विश्वासघात वगैरे काही होत नाही, घर चालवणं हे पण काम आहे. शिवाय डेटाचं काम तुला परकं नाही, वर्गीकरण, कॅटलॉग, एकाच लेखकाची तीन स्पेलिंगं एका नावाखाली आणणं, हे दुसरं काय असतं. सव्वा वर्ष फुकट गेलं असं मुलाखतीत म्हणू नकोस आणि मनात पण नको.

पण आत्ता लगेच ठरवू नकोस, विशेषतः स्टॉक चेकिंगच्या, म्हणजे सगळी पुस्तकं मोजून ताडायच्या महिन्यात तर नकोच, त्या महिन्यात सगळेच नोकरी सोडायला निघालेले असतात. रंगनाथन, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक, माहीतच आहेत तुला, त्यांची लायब्ररीची पाच सूत्रं पाठ केली असशील. ते मूळ गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा ३१ वर्षांचे, लायब्ररीचं काहीही शिक्षण नाही. त्यांना तिथलं एकटेपण इतकं असह्य झालं की थोड्याच दिवसांत परत जाऊन म्हणाले, मला माझी शिकवण्याची नोकरी द्या. विद्यापीठाने सांगितलं, आधी लंडनला जाऊन हे काम शिकून या, परत आल्यावरही नको वाटलं तर तुमची जागा आहेच. ते गेले, बऱ्याच लायब्ऱ्या बघितल्या, परत आले आणि पुढची वीसेक वर्षं तिथेच राहिले. मला ह्यात मोठेपणापेक्षा तो सौदा आवडतो. परतीची वाट उघडी होती म्हणून त्यांना नीट बघता आलं.

तसा सौदा तू स्वतःशी कर. मैत्रिणीला विचार सहा महिन्यांनी जागा असेल का, नसली तर दुसरी असेल. ह्या सहा महिन्यांत दोन-तीन दुसऱ्या लायब्ऱ्या बघून ये, सुट्टी घालवून, तिथल्या माणसांशी बोल, एकटीने चार्ज सांभाळणाऱ्याला शिकवणारं कुणी नसतं हीच तुझी खरी अडचण आहे असा मला संशय आहे. वरच्यांकडे लेखी माग की वर्षाच्या खरेदीतली थोडी तरी पुस्तकं तुझ्या निवडीने येतील. आणि रोज निदान एकाला तो दुसरा प्रश्न विचार. सहा महिन्यांनी निवडीचा अधिकार मिळाला नसेल, किंवा मिळूनही तो दुसरा प्रश्न विचारायचा तुला कंटाळाच येत असेल, तर जा, आनंदाने जा, तुला पुस्तकं आवडतात आणि ती कुठूनही वाचता येतात, इथे सभासद म्हणून ये. पण तो प्रश्न विचारायला तू काउंटरवरून उठून जायला लागली असशील तर मग मला परत लिही, पगार कसा वाढवून मागायचा त्यावर बोलू.

आणि ता.क. चं. चष्मा नंबर असेल तर लाव. केस बांध, पण ते खालच्या खणात वाकताना तोंडावर येतात म्हणून. खरं म्हणजे बदलायच्याच असतील तर आधी चपला बदल, सपाट, मऊ, न वाजणाऱ्या घे, मी पहिली तीन वर्षं मोठी दिसायला टाचांच्या घातल्या आणि अजून गुडघे बोलतायत.